पोर्ट क्रमांक एकोणीस

१

नवा स्विच बसला आणि पंधरा दिवसांत तिचं नाव 'स्विचबाई' पडलं. सुरुवात मेट्रननं केली. मग डॉक्टर, सिस्टर, झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. तिला राग आला नाही. सतरा वर्षं ती त्या पुनर्वसन केंद्राचे कॉम्प्युटर, फोन आणि वायरी सांभाळत होती, आणि इतक्या वर्षांत तिच्या कामाला पहिल्यांदाच कुणी काहीतरी नाव दिलं होतं.

केंद्र तीन मजली होतं. मोडलेली हाडं जोडून झालेली, अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरणारी, पुन्हा चालायला शिकणारी माणसं तिथं महिना दीड महिना राहत. एका मजल्यावर आठ, अशा चोवीस खोल्या. प्रत्येक पलंगाशी एक फोन, आणि त्याच फोनवर सिस्टरला बोलवायचं लाल बटण. त्याला सगळे बेल म्हणत. फोन आणि बेल दोन्ही एकाच वायरीवर. ती वायर भिंतीतून, जिन्याच्या कडेनं, खाली तळघरातल्या तिच्या खोलीत येई.

या वायरी जोडणारे जुने डबे मुके होते. वायर खुपसली की चालायचं. चाललं नाही तर का चाललं नाही, हे विचारायची सोय नव्हती. हा नवा स्विच मात्र सगळं लक्षात ठेवायचा. कोणत्या भोकामागे, म्हणजे पोर्टमागे, काय जोडलंय, कधी जोडलं, किती वेळ गप्प होतं, हे तो पडद्यावर ओळीनं मांडायचा. तिनं चार दिवस बसून तो लावला. खोली एकची वायर पोर्ट एकला, दोनची दोनला, असं चोवीसपर्यंत. पुढचे पोर्ट कचेरीला आणि स्वागतकक्षाला. प्रत्येक पोर्टसमोर तिनं त्या खोलीचं नाव लिहिलं, बेलचा मार्ग आणि कचेरीचा मार्ग वेगळा केला, पासवर्ड बदलला, त्याचं घड्याळ जुळवलं. शेवटी सगळे हिरवे दिवे एका रांगेत लुकलुकायला लागले तेव्हा तिला उगीचच हसू आलं.

एकोणीस नंबरच्या खोलीत तिचे बाबा होते. स्टुलावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि चालायला शिकवायला त्यांना इथेच आणलं. मुलगीच तिथं कामाला, म्हटल्यावर दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढले होते. नव्या स्विचबद्दल तिनं हौसेनं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे एक्स्चेंजच की?"

"तसंच म्हणा."

"हं," बाबा म्हणाले, आणि दोघंही खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचं बोलणं हे असंच असायचं. आई होती तोवर मधलं सगळं ती बोलून टाकायची.

२

मंगळवारी दुपारी सव्वाचारला ती पत्त्यांचा तक्ता बघत होती.

स्विचला लागलेल्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा एक पत्ता मिळालेला असतो. यंत्र काही बोललं की स्विच तो पत्ता टिपतो आणि अमुक पोर्टच्या मागे अमुक आहे असं लिहून ठेवतो. पाच मिनिटं यंत्र गप्प राहिलं की विसरून जातो. खोल्यांच्या पोर्टवर एकेकच पत्ता असायला हवा होता, पलंगाजवळच्या फोनचा.

तीन नंबरच्या पोर्टवर दोन होते.

तिला फारसं काही वाटलं नाही. कुणी नातेवाईक लॅपटॉप घेऊन आला असेल. पण भिंतीत भोक एकच, आणि त्यात फोनची वायर. दुसरं काही लावायचं तर फोन काढावा लागणार, आणि फोन तर जिथल्या तिथं होता. पत्त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून यंत्र कुणी बनवलं ते कळतं. तिनं यादीत शोधलं. त्या अक्षरांचा कारखाना कुठल्याच यादीत नव्हता.

ती बघत असतानाच तो पत्ता तीनवरून गेला आणि सातवर आला. सातवर बारा मिनिटं. मग बारावर.

कुणीतरी काहीतरी हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतंय, एवढाच त्याचा अर्थ होता. चोरून वायरी काढणारा सापडला तर बरंच, असं म्हणत ती दुसऱ्या मजल्यावर गेली.

बारा नंबरात शिंपीकाका होते. डावा पाय मोडलेला, बाकी माणूस ठणठणीत, दिवसभर सगळ्यांच्या कपड्यांची शिवण तपासत बसलेला. खोलीत ते एकटेच होते. भिंतीतलं भोक, त्यात फोनची वायर, वायरीच्या टोकाला फोन. तिनं वाकून पलंगाखालीही पाहिलं. काही नाही.

फक्त पाहुण्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. इतकी जवळ, की बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला टेकले असते.

ती खुर्ची सरळ करायला गेली तर शिंपीकाका म्हणाले, "राहू दे. आत्ताच उठलेत."

"कोण?"

"भेटायला आलेले."

"कोण आलं होतं काका?"

शिंपीकाकांनी थोडा विचार केला. "विचारलं नाही गं. आल्या माणसाला तू कोण म्हणून विचारणं बरं दिसलं नसतं."

३

तिचं डोकं हिशेबी होतं. जे दिसतं त्याला कारण असतं, आणि कारण बहुतेक वेळा वायरीत असतं, हे तिला सतरा वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. एकाच वायरीची दोन्ही टोकं दोन भोकांत गेली तर स्विच असा गोंधळतो, पत्ते इकडून तिकडे उड्या मारतात. तिनं चोवीस खोल्या फिरून प्रत्येक भोक तपासलं. मग फोनमध्येच बिघाड असेल म्हणून तीन, सात आणि बाराचे फोन बदलले. मग स्विचमधला प्रोग्राम नवा घातला. शेवटी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या माणसानं पाऊण तास तिच्याकडून तेच सगळं पुन्हा करून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, स्विच जे ऐकतो तेच लिहितो. तो मनाचं काही लिहीत नाही."

तिला हे वाक्य आवडलं नाही.

तो पत्ता रोज येत होता. चार वाजून काही मिनिटांनी दिसायचा, एका खोलीत दहा-बारा मिनिटं थांबायचा, पुढे जायचा, आणि पाचच्या ठोक्याला तक्त्यातून पुसला जायचा. चार ते पाच ही केंद्रात भेटीची वेळ होती. हे तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी ती स्वागतकक्षात गेली आणि भेटायला येणाऱ्यांची वही मागितली. कोणत्या खोलीत कोण आलं, किती वाजता, सही. तळघरात बसून तिनं ती वही आणि स्विचच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीनं खुणा करत गेली. मंगळवारी तीन, सात, बारा. वहीत त्या दिवशी तीन, सात आणि बारासमोर कुणाचीच सही नव्हती. बुधवारी पाच, बारा, चौदा. त्यांच्याही समोर नाही. ज्या खोलीत बायको आली होती, भाऊ आला होता, ऑफिसातला माणूस फळं घेऊन आला होता, तिथं तो पत्ता कधीच गेला नव्हता.

चार दिवस म्हणजे काही फार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पेन्सिल खाली ठेवली. शेजारच्या धुलाईखोलीतलं यंत्र थांबलं होतं, आणि त्या शांततेत स्विचचा पंखा तेवढा फिरत होता. हा आवाज पंधरा दिवस ती ऐकत होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं की आपण तो ऐकत नाही आहोत, तो आपल्याला ऐकतोय. ती उठून वर चहा प्यायला गेली.

वर मेट्रन भेटली. मेट्रन म्हणजे बोलायला फटकळ आणि मनानं मऊ अशी बाई. तिला शिंपीकाकांची काळजी लागली होती.

"पाय मोडलाय डावा, आणि जेवतायत डाव्या हातानं. अर्धं अंगावर सांडतात. जन्मभर उजव्या हातात कात्री धरलेला माणूस."

"झटका वगैरे?"

"डॉक्टरांनी पाहिलं. हाताला काही झालेलं नाही. उजवा तळवा असा वर करून मांडीवर ठेवतात आणि बसतात. दुखतो का विचारलं तर म्हणाले, दुखत नाही, मोकळा नाहीये." मेट्रननं चहाचा कप खाली ठेवला. "आता सातवाल्या आजीपण तसंच करायला लागल्यात. एकाचं बघून दुसरा. म्हातारपण म्हणजे लहानपणच."

तिनं विचारलं, "तीन नंबर?"

मेट्रननं तिच्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

४

सोमवारी तो पत्ता तिसऱ्या मजल्यावर चढला. सतरा, एकवीस, तेवीस.

एकोणीससमोर वहीत कधीच सही नसे. ती स्वतः कशाला वहीत सही करेल? ती तर त्याच इमारतीत होती. सकाळी येताना बाबांना चहा द्यायची, निघताना डोकावून जायची. भेटीच्या वेळेला ती खाली असे, कारण त्या वेळी बाहेरची माणसं येत आणि वायफायच्या तक्रारी सुरू होत. आपण भेटायला येणाऱ्यांतले नाही, इथलेच आहोत, असं ती समजत होती. बाबांना काय वाटत होतं ते तिनं विचारलं नव्हतं.

मंगळवारी चार वाजता ती एकोणीसमध्ये जाऊन बसली.

"काय गं, बिघडलंय काही?" बाबांनी विचारलं.

"नाही. सहजच."

"सहज?"

"बसले तर चालणार नाही का?"

"बस की." बाबांनी चष्मा पुसला. "चहा घेणार?"

"आत्ताच झाला."

"बरं."

खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती. दोघांनी ती बघितली. बाबांनी विचारलं की टाकीवर कावळा रोज तोच येतो का. ती म्हणाली, कुणास ठाऊक. पंचवीस मिनिटं अशी गेली. मग दारापाशी काहीतरी थांबल्यासारखं तिला वाटलं. पावलं नव्हती, सावली नव्हती. कुणी आत डोकावून, अरे इथं कुणीतरी आहे वाटतं, म्हणत मागं सरावं, तेवढंच. बाबा मात्र दाराकडे बघून किंचित हसले. ओळखीच्या माणसाला हसतात तसं.

पाचनंतर तिनं खाली जाऊन नोंद पाहिली. अठरा, मग वीस. मधला एकोणीस टळला होता.

बुधवारीही ती बसली. बुधवारीही टळला. तिचा जीव भांड्यात पडला. उपाय इतका सोपा होता, रोज एक तास. पण गुरुवारी डॉक्टरांची बैठक, तिथं पडदा आणि माईक चालू राहायला ती हवीच होती. शुक्रवारी कचेरीचा प्रिंटर. आणि खरं सांगायचं तर त्या पंचवीस मिनिटांच्या गप्प बसण्यापुढे प्रिंटर सोपा होता. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं.

गुरुवारी पावणेचारला तिनं स्विचवर एक ओळ टाइप केली. पोर्ट एकोणीस, बंद. रांगेतला एक हिरवा दिवा विझला. एकोणीसमध्ये जायला आता वाटच नव्हती.

वाट नव्हती म्हणजे बेलही नव्हती. तिला ते ठाऊक होतं. सिस्टर अर्ध्या तासानं फेरी मारतात, तासाभराचा तर प्रश्न, असं तिनं मनाशी म्हटलं. मग बैठक लांबली. परत येऊन पोर्ट उघडायला हात गेला, पण तक्ता बघून ती थबकली.

५

अठरा. वीस. अठरा. वीस.

पाच वाजून गेले होते. तो पत्ता नेहमीप्रमाणे पुसला गेला नव्हता. एकोणीसच्या एका बाजूला यायचा, मग दुसऱ्या बाजूला. आधी मिनिटा मिनिटानं. मग दहा दहा सेकंदांनी. स्विच लाल अक्षरांत इशारे लिहीत होता, ओळीखाली ओळ, की हा पत्ता एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतोय, वायरी तपासा.

ती वर गेली. अठरा ते वीससमोरच्या बोळात कुणी नव्हतं. दोन्ही खोल्यांतल्या खुर्च्या मात्र हलल्या होत्या. अठरातली उजव्या भिंतीला टेकली होती, वीसमधली डाव्या. एकोणीसच्या दोन भिंतींना, बाहेरून, दोन्हीकडून.

"माझा फोन मेलाय बहुतेक," ती एकोणीसमध्ये शिरली तेव्हा बाबा म्हणाले. "तुझ्या एक्स्चेंजला सांग."

"बघते बाबा."

"तातडी नाही. मला कोण फोन करतंय." मग ते म्हणाले, "आज ते आले नाहीत. दोन दिवस दारात उभे राहून गेले. तू होतीस म्हणून असेल."

कोण, असं तिनं विचारलं नाही. तिनं पांघरूण सारखं केलं आणि दिवा लावला.

पोर्ट तिनं उघडला नाही. सकाळी उघडीन, असं ठरवलं. जाताना सिस्टरला सांगितलं, एकोणीसकडे जरा लक्ष ठेवा, फोनचं काम चालू आहे. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

सकाळी आठला ती तळघरात आली तेव्हा स्विचचा पंखा बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू येत होता. अठरा वीस अठरा वीस. आता सेकंदाला कितीतरी वेळा. रात्रभर. अठरा आणि वीसचे फोन त्या माऱ्यानं बधिर झाले होते. मेट्रनची चिठ्ठी दारात खोचलेली होती, की तिसऱ्या मजल्यावर दोन बेल वाजत नाहीत, ताबडतोब बघ.

तिनं खुर्ची ओढली. उघडावा तर तो आत शिरणार. न उघडावा तर हे असंच वाढणार. ती कारण शोधत बसली, वायर, फोन, प्रोग्राम, पुन्हा वायर. तीन तास ती त्या पडद्यासमोर अशा एका चुकीच्या शोधात बसली जी कुठेही नाही हे तिला कळून चुकलं होतं.

६

अकराला मेट्रन स्वतः तळघरात आली. ती कधी खाली येत नसे.

"बाबा पडले तुझे," ती म्हणाली. "घाबरू नकोस, हाड शाबूत आहे. कपाळ फुटलंय थोडं. टाके नाहीत."

"कसे?"

"बाथरूमला जायचं होतं. बेल दाबत होते म्हणे बराच वेळ. सिस्टर अठरात होत्या, तिथली बेल बंद म्हणून स्वतःच बसल्या होत्या. कुणाला ऐकू येणार? शेवटी एकटेच उठले." मेट्रननं स्विचच्या रांगेकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण विझलेला दिवा कुणालाही दिसतो. "एकोणीसचा हा का?"

"हो."

"जळला?"

ती म्हणाली, "मी बंद केलाय. काल दुपारी."

"तू? कशासाठी?"

सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. वही, पेन्सिलीच्या खुणा, भिंतीकडे वळलेल्या खुर्च्या.

मेट्रननं कपाळाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. ती म्हणाली, "आत्ता चालू कर. कारण मला नंतर सांग. किंवा सांगू नकोस. पण आत्ता, माझ्यासमोर चालू कर."

तिनं ती ओळ टाइप केली. बोट एंटरवर थोडं थांबलं, आणि दाबलं.

हिरवा दिवा लागला. एकोणीसच्या पुढं फोनचा पत्ता उमटला. त्याच क्षणी, खालच्या ओळीत, दुसरा. पंख्याचा आवाज उतरत उतरत नेहमीचा झाला, आणि लाल अक्षरं थांबली. अठरा मोकळा, वीस मोकळा.

"झालं?" मेट्रननं विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि जिन्याकडे धावली.

एकोणीसच्या दाराला वीतभर रुंदीची उभी काच होती. आत जाण्याआधी तिनं काचेतून पाहिलं. बाबा उशीला टेकून बसले होते, कपाळावर पट्टी. खुर्ची भिंतीकडे तोंड करून, रिकामी. बाबांचा उजवा हात पलंगाच्या कठड्यातून बाहेर, खुर्चीच्या दिशेनं गेला होता, तळवा वर. ते हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मधेच थांबत, मान डोलवत, पुन्हा सांगत. इतकं सलग बोलताना तिनं त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग तिनं हाताकडे नीट पाहिलं. बाबांची बोटं एकमेकांना चिकटून आवळलेली होती, आणि हाताच्या मागच्या बाजूला चार ठिकाणी कातडी दाबली जाऊन पांढरी पडली होती. पाचवी खूण अंगठ्याच्या मुळाशी. ती बघत होती तोवर त्या पांढऱ्या खुणा थोड्या हलल्या, कुणी पकड नीट करावी तशा. मग आणखी दोन उमटल्या. सहा. सात.

तिनं दार ढकललं. खुणा गुलाबी होत गेल्या.

"अगं," बाबा म्हणाले, "जरा थांबली असतीस."

७

त्यानंतर तो पत्ता एकोणीसवरून हलला नाही. चार ते पाच नाही, दिवसभर, रात्रभर. ती रोज सकाळी येऊन बघायची आणि तो तिथंच असायचा, बाबांच्या फोनच्या खालच्या ओळीत.

बाकीच्या खोल्या मोकळ्या झाल्या. शिंपीकाका एक दिवस उजव्या हातानं जेवले. मेट्रननं ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं. शिंपीकाका मात्र हसत नव्हते. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते आपल्या तळव्याकडे बघत होते.

"आता येत नाहीत का गं इकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"हं." त्यांनी मूठ मिटली. "माणूस बरा होता. हात तेवढे फार."

बाबांची तब्येत झपाट्यानं सुधारली. व्यायाम घेणारी डॉक्टर तिला मुद्दाम खाली येऊन सांगून गेली, की या वयात असा तोल तिनं पाहिलेला नाही. चालायच्या चौकटीचा आधार ते फक्त डाव्या हातानं धरतात, उजवा बाजूला पसरलेला, तरी झुकत नाहीत. उजवीकडून कुणी धरलंय असंच वाटतं.

ती आता रोज चारला वर जाऊन बसायची. कामं पाचनंतर करायची. दारात आता कुणी थबकत नसे. जे होतं ते आतच होतं. ती खुर्चीत बसत नसे, पलंगाच्या पायथ्याशी बसायची. आणि गंमत म्हणजे बाबा बोलायचे. खांबांच्या गोष्टी, वादळात तुटलेल्या तारा, एकदा तारेवरून ऐकू आलेलं दोन अनोळखी बायकांचं भांडण. ती हसायची. मधेच तिच्या ध्यानात यायचं की बाबा तिच्याकडे बघून बोलत नाहीत.

एकदा धीर करून तिनं विचारलं, "बाबा, कोण आहेत हे?"

"मला काय ठाऊक."

"भीती नाही वाटत?"

"पहिल्या दिवशी वाटली. मग वाटलं, चार वाजले की सगळ्या खोल्यांत माणसं येतात. बोळातून त्यांच्या चपला ऐकू येतात. आपल्या दारावरून पुढं जातात. तेव्हा कुणीतरी थांबलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रागानं नाही. "तू कामात असतेस. मला कळतं ते."



८

आणखी तीन आठवडे गेले आणि डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली.

सकाळी तिनं एकोणीसचा फोन स्वतःच्या हातानं काढला. बाबांना स्वागतकक्षात बसवून ती तळघरात गेली आणि घड्याळ लावून तक्त्यासमोर बसली. पाच मिनिटं. फोनचा पत्ता पुसला गेला. त्याखालचा दुसराही. तिनं चोवीसच्या चोवीस पोर्ट पाहिले, मग कचेरीचे, मग आणखी दहा मिनिटं थांबून सगळे पुन्हा पाहिले. तो पत्ता कुठंही नव्हता. इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी उचललं गेलं. तिनं दिवा मालवला आणि वर आली.

मेट्रन दारापर्यंत पोचवायला आली होती. "आता पुन्हा स्टुलावर चढायचं नाही," तिनं बाबांना दटावलं. तिला हळूच म्हणाली, "कारण सांगायचं राहिलंय तुझं."

"सांगेन कधीतरी."

"नको सांगूस," मेट्रन म्हणाली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

टॅक्सीत बाबा मागं खिडकीशी बसले. ती शेजारी शिरणार तोच म्हणाले, "तू पुढं बस. मागं पाय अवघडतात." ती पुढं बसली. रस्ताभर बाबा बाहेर बघत होते, नवी दुकानं, खोदलेला चौक. छान दिसत होते. आपण उगीच घाबरलो, असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याचा कठडा डाव्या हाताला. बाबांनी डाव्या हातानं कठडा धरला आणि पहिली पायरी चढले.

"थांबा, मी धरते," ती म्हणाली, आणि त्यांच्या उजव्या बाजूला आली.

"तू मागून ये. मला जमतंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, जिन्यावर दोन्हीकडून आधार हवा."

"अगं आहे."

त्यांचा हात नेहमीसारखा अंगापासून थोडा दूर, तळवा वर. इतक्या दिवसांत तिनं त्या हाताला हात लावला नव्हता, हे तिला आत्ता जाणवलं. लहानपणी याच हाताला धरून ती रस्ता ओलांडायची. नोकरीला लागल्यावर कधी धरला होता ते आठवेना. तिनं मन घट्ट केलं आणि आपली बोटं बाबांच्या तळव्यावर ठेवली.

तळव्यापर्यंत ती पोचली नाहीत. मधे गार, कोरडी, लांब बोटं होती, एकमेकांत गुंतलेली, बाबांच्या हाताला सगळीकडून धरून असलेली. जिना अरुंद होता आणि दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून सरळ पायऱ्यांवर पडलं होतं. तिथं बाबा होते, ती होती, बाकी कुणी नव्हतं. हात मागं घेणं तिला जमलं असतं. पण बाबा एका पायरीवर एक पाय आणि खालच्या पायरीवर दुसरा, असे उभे होते.

मग ती बोटं हलली. घाई न करता, बसलेल्या माणसानं बाकावर सरकून जागा द्यावी तशी, एकेक करून ती कडेला झाली. तिच्या हाताएवढी जागा झाली.

बाबांचा तळवा ऊबदार होता.

"चल," बाबा म्हणाले, आणि ते सगळे पुढची पायरी चढले.